आधी आडनाव, मग नाव

पद्मानगरच्या एका गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा बाय बाराची खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन. मागची भिंत यंत्रमागाच्या कारखान्याची. पलीकडे माग चालतात, तोवर माझ्या टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरत राहतं. गिऱ्हाइकाशी बोलायचं तर पुढे वाकून कानाशी बोलावं लागतं. शुक्रवारी माग बंद असतात, तेव्हा स्वतःचाच आवाज मोठा वाटायला लागतो.

सोळा वर्षं मी भिवंडीतल्या लोकांचे फॉर्म भरतेय. रेशन कार्ड, पॅन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, भरतीचे अर्ज हे सगळं असतंच. पण ज्या फॉर्मसाठी मी हातातलं दुसरं काम बाजूला ठेवते, तो विद्यापीठाच्या छोट्या कोर्सचा फॉर्म. तीन महिने, सहा महिने, फार तर वर्षभराचा. पदवीचा फॉर्म भरणाऱ्या मुलामागे बहुतेक वेळा कॉलेज असतं, शिक्षक असतात, मित्र असतात. छोट्या कोर्सला येणारी बाई किंवा कामगार एकटा असतो. त्याला विचारायला कुणी नसतं. आणि या माणसाचं नुकसान अभ्यासात क्वचित होतं. ते फॉर्ममध्ये होतं. एवढंच सांगायला मी हा लेख लिहायला घेतला आहे.

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या गल्लीच्या टोकाला एक बिशी आहे. भिवंडीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बिशी म्हणजे मागावरच्या कामगारांची खानावळ. घरदार गावी ठेवून आलेले लोक महिन्याच्या हिशोबाने तिथे दोन वेळा जेवतात. ही बिशी चालवणाऱ्या बाईंना मी वहिनी म्हणते. त्या मला अक्का म्हणतात. माहेर सोलापूरचं, घरात तेलुगू, शाळा मराठी. दहावी झाली, लग्न झालं आणि त्या भिवंडीत आल्या. आज त्यांच्याकडे बेचाळीस जण जेवतात. कुणी तेलंगणाचा, कुणी आझमगढचा, कुणी बिहारचा. सगळ्यांची नावं त्यांच्या लाल खातेवहीत आहेत. प्रत्येकाच्या नावापुढे महिन्याचे रकाने, आणि जो जेवला नाही त्याच्या रकान्यात खाड्याची फुली.

दुपारची शेवटची पंगत उठल्यावर वहिनी आल्या. हाताला हळदीचा वास होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांनी दहावीची गुणपत्रिका काढली. चार घड्या पडून कागद घड्यांवर विरला होता.

“अक्का, जेवणाचा कोर्स असतो म्हणे विद्यापीठाचा. खरं का?”

कशाला हवाय, असं मी विचारलं. त्यांच्याकडे जेवणाऱ्या एका माणसाला साखर निघाली होती. डॉक्टरांनी त्याला खाण्याचं पथ्य लिहून दिलं, आणि तो कागद घेऊन तो वहिनींकडे आला. आता मी काय खाऊ, म्हणाला. “वीस वर्षं मी लोकांना जेवू घालतेय,” वहिनी म्हणाल्या, “आणि त्याला काय सांगायचं ते मला माहीत नाही.”

असा कोर्स खरंच आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली सुरू झालं. त्याचा आहार आणि पोषण या विषयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम जुना आणि नावाजलेला आहे. त्याला शिक्षणाची अट नाही. कमीत कमी सहा महिन्यांत पुरा करता येतो, पण नाही झाला तर दोन वर्षांपर्यंत मुभा आहे. तीन भाग असतात. पहिला आपल्या आहाराचा, दुसरा शरीर त्या अन्नाचं काय करतं याचा, आणि तिसरा अन्नाच्या अर्थकारणाचा. हा तिसरा भाग वहिनी रोज सकाळी बाजारात करतातच. हिंदी माध्यम मिळतं, आणि त्यांना हिंदी वाचायला अडचण नाही.

मी फॉर्म उघडला. पहिलाच रकाना नावाचा.

गुणपत्रिकेवर माहेरचं आडनाव, त्यांचं नाव, वडिलांचं नाव. आधार कार्डावर त्यांचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. दोन्ही कागद एकाच बाईचे, हे मला दिसत होतं. कॉम्प्युटरला दिसत नाही.

नावाचा हा गुंता मी रोज बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या राज्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव असतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. आधारवर बहुधा आधी स्वतःचं नाव आणि शेवटी आडनाव. नुसती ही उलटापालटसुद्धा माणसाला गोंधळात टाकते. उत्तर प्रदेशातून आलेल्या मुलींच्या गुणपत्रिकेवर पुष्कळदा एक नाव आणि पुढे खातून किंवा बानो एवढंच असतं, आणि फॉर्मवर आडनावाच्या रकान्यापुढे लाल तारा, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मोहम्मद हे नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर दोन अक्षरांत. आमच्या पद्मानगरातल्या घरांत आडनाव कधी नुसत्या आद्याक्षरावर निभावलेलं असतं. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जे ऐकलं ते लिहिलं. आईबापांना वाचता येत नव्हतं, त्यांनी मान डोलावली. ते अक्षर पुढे पंचवीस वर्षांनी परीक्षेच्या दारात उभं राहतं.

माझा नियम एकच आहे. फॉर्मवर नाव शाळेच्या कागदाबरहुकूम, अक्षर न अक्षर. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं ‘ए’ जास्त असलं तरी तसंच ठेवायचं. कारण प्रमाणपत्रावर तेच नाव छापून येणार, आणि ते प्रमाणपत्र पुढे कुठे दाखवलं तर त्याच्याशेजारी लोक गुणपत्रिकाच ठेवून बघणार. लग्नानंतरचं नाव हवं असेल तर आधी त्याचा पुरावा उभा करावा लागतो. एक म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, जो महापालिकेत किंवा गावात ग्रामपंचायतीत मिळतो. दुसरं म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात, जिचा अर्ज आता ऑनलाइन होतो. दोन्ही कामं अवघड नाहीत, पण वेळ खातात. प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर असताना ती सुरू करून उपयोग नाही. ज्याला पुढच्या वर्षी शिकायचं आहे, त्याने हे काम या वर्षी करावं.

वहिनींना मी विचारलं, कुठलं नाव घालू? त्यांनी बराच वेळ गुणपत्रिकेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “हेच घाला. वडिलांनी शाळेत घातलेलं.”

मी टाइप करत होते आणि त्या शेजारी उभ्या राहून एकेक अक्षर ओठांनी म्हणत होत्या.

आता थोडं या छोट्या कोर्सांविषयी. लोक माझ्याकडे येऊन “डिग्री करायचीय, सहा महिन्यांची” असं म्हणतात. सहा महिन्यांची डिग्री नसते. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठांना आणि तशा दर्जाच्या संस्थांनाच आहे, १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यातच तसं कलम आहे. सहा महिन्यांत मिळतं ते प्रमाणपत्र, आणि साधारण वर्षभरात पदविका. यात कमीपणा काही नाही. पण सहा महिन्यांत पदवी, मागच्या तारखेची गुणपत्रिका, परीक्षा घरबसल्या असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. माझ्या दुकानात असे कागद लॅमिनेशनला आले आहेत. कागद जाड, शिक्का सोनेरी, आणि विद्यापीठाचं नाव आयोगाने जाहीर केलेल्या बोगस विद्यापीठांच्या यादीत. ती यादी आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत पाहता येते. त्या कागदासाठी एका पोराने दोन वर्षांची बचत घातली होती. ते लॅमिनेशन मी केलं नाही. त्याला खुर्चीवर बसवून ती यादी दाखवली. तो उठला आणि काही न बोलता गेला. त्याचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

खरे कोर्स पुष्कळ आहेत, आणि भिवंडीकराच्या आवाक्यात आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ला स्थापन झालं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद, आणि ते त्यांनी अभ्यासकेंद्रांच्या जाळ्याने खरं करून दाखवलं. गावातल्याच कॉलेजात रविवारी वर्ग, पुस्तकं मराठीत. ज्यांची बारावी सुटली होती त्यांच्यासाठी त्यांनी पूर्वतयारीचा मार्ग काढला होता. त्या मार्गाने पुढे गेलेले पोलीस, एसटीचे कंडक्टर, अंगणवाडी सेविका मला माहीत आहेत. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे, ते आता कलिन्याच्या आवारातून चालतं. त्याच आवारात गरवारे संस्था आहे, तिथे नोकरीधंद्याशी जोडलेले प्रमाणपत्राचे आणि पदविकेचे कोर्स चालतात. पण भिवंडीहून कलिना म्हणजे आधी बस किंवा रिक्षाने ठाणं किंवा कल्याण, मग लोकलने कुर्ला, मग पुन्हा रिक्षा. आमच्याकडे भिवंडी रोड नावाचं स्टेशन आहे, पण ते वसई-दिवा मार्गावर. मुंबईची लोकल तिथून मिळत नाही. बारा तासांची पाळी करणाऱ्याने संध्याकाळी कलिन्याला पोचायचं, हे बोलायला सोपं आहे. म्हणून इथल्या माणसाला दूरशिक्षणाचा किंवा ऑनलाइन कोर्स लागतो. ती त्याची हौस नाही.

विद्यापीठाने उठून कामकऱ्यांच्या गावात जायचं ही कल्पना आजची नाही. मराठीत तिला ‘बहिःशाल शिक्षण’ असा देखणा शब्द आहे, शाळेच्या भिंतीबाहेरचं शिक्षण. मुंबई आणि पुणे विद्यापीठांच्या बहिःशाल विभागांनी गावोगाव व्याख्यानं नेली. माझ्या वडिलांनी तसल्या एका व्याख्यानमालेत पहिल्यांदा प्राध्यापक पाहिला होता. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाने हे काम १८७३ साली हाती घेतलं, तेव्हा पहिले वर्ग कुठे भरले, तर डर्बी, लेस्टर आणि नॉटिंगहॅममध्ये. डर्बी रेशमाचं, लेस्टर मोज्यांचं, नॉटिंगहॅम लेसचं. तिन्ही गावं सुतावर जगणारी. हे वाचलं त्या दिवशी मला पलीकडच्या मागांचा खडखडाट वेगळाच ऐकू आला. आणि आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली बायकांचं विद्यापीठ काढलं, त्याला १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली ती विठ्ठलदास ठाकरसींनी. तेही कापड गिरण्यांचे मालक. शेवटी तो पैसा कापडातलाच.

भिंतीपलीकडच्या कारखान्यात एक पोरगा आहे. वडील जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. पोरगा बारावी सायन्स करून मेहताजीच्या, म्हणजे कारखान्याच्या हिशोबनीसाच्या, हाताखाली हिशोब लिहायला लागला. त्याला माग नुसता दुरुस्त करायचा नव्हता, त्यामागचं शास्त्र हवं होतं. मी त्याला एनपीटीईएल दाखवलं. आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी मिळून हे चालवतात, २००३ पासून. आता केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर, जे ९ जुलै २०१७ला सुरू झालं, तिथे हे कोर्स मिळतात. चार, आठ आणि बारा आठवड्यांचे. आयआयटी दिल्लीचे कापडावरचेच कितीतरी कोर्स आहेत, विणाईपासून कापडाच्या फिनिशिंगपर्यंत. शिकायला एक पैसा लागत नाही. व्याख्यानं इंग्रजीत असतात, हा अडसर खरा आहे. पोरगा एक व्याख्यान तीन-तीनदा ऐकायचा. पण ‘वार्प’ म्हणजे आपला ताणा आणि ‘वेफ्ट’ म्हणजे बाणा हे एकदा कळलं, तसं त्याला बाकीचं सुटत गेलं. कारण वस्तू रोज डोळ्यासमोर होती. पडद्यावर प्राध्यापक धाग्याच्या ताणाबद्दल सांगत होते, आणि तो उठून पलीकडे जाऊन बीमवरचा ताणा बोटाने दाबून पाहत होता.

आता ठेच कुठे लागते ते बघा. स्वयम् वर कोर्सला नाव नोंदवलं की “तुमची नोंदणी झाली” असा संदेश येतो. माणसाला वाटतं, झालं. पण ती शिकण्याची नोंदणी. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते. तिची तारीख वेगळी असते आणि तिचे पैसे लागतात. मी भरले तेव्हा एका कोर्सला १००० रुपये होते. परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायची. दर आठवड्याला स्वाध्याय असतो, त्याचे २५ गुण, आणि परीक्षेचे ७५. नुसती बेरीज चाळीस करून भागत नाही. स्वाध्यायात २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे मिळवावे लागतात. बारा आठवड्यांच्या कोर्सात सगळ्यात चांगले आठ स्वाध्याय धरतात, त्यामुळे मागाच्या पाळीत एखाददुसरा आठवडा हुकला तरी घाबरायचं कारण नाही. पण स्वाध्यायाची तारीख गेली की तो स्वाध्याय गेला.

त्या पोराच्या परीक्षेची तारीख मी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली होती. अशा तारखा मी सगळ्यांच्या लिहिते. त्याला कारण आहे.

२००६ साली मी स्वतः सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र कोर्स केला होता. मुलगी दोन वर्षांची. रात्री ती झोपली की अभ्यास करायचे. स्वाध्यायाच्या वह्या वेळेत दिल्या. परीक्षेच्या आठ दिवस आधी हॉलतिकीट घ्यायला केंद्रावर गेले, तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, परीक्षेचा फॉर्म भरलात का? मी म्हटलं, फी तर प्रवेशाच्या वेळीच भरली. त्या म्हणाल्या, ती प्रवेशाची. परीक्षेचा फॉर्म वेगळा असतो, त्याची मुदत गेल्या महिन्यात संपली. बाहेर पावसात उभी राहून मी रडले. पुढच्या सत्रात फॉर्म भरला, परीक्षा दिली, पास झाले. पण ते सहा महिने मला कुणी परत दिले नाहीत. त्या बाईंचा दोष नव्हता. माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं, आणि वाच असं मला कुणी म्हटलं नव्हतं. आता मी म्हणते. अर्ज करणं एक, प्रवेश पक्का होणं दुसरं, नोंदणी क्रमांक मिळणं तिसरं आणि परीक्षेचा फॉर्म चौथं. बऱ्याच विद्यापीठांत या चारही गोष्टी वेगळ्या असतात. इग्नूतही परीक्षेचा फॉर्म वेगळाच भरावा लागतो, जून आणि डिसेंबरच्या परीक्षांसाठी, आणि त्याआधी स्वाध्याय द्यावे लागतात.

माहितीपुस्तिका पूर्ण वाचायला कुणाला वेळ नसतो, मला कळतं. निदान एवढं तरी शोधा: प्रमाणपत्रावर सही विद्यापीठाची असेल की नुसत्या केंद्राची? परीक्षा कुठल्या गावात आणि कुठल्या भाषेत? सगळे पैसे मिळून किती? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण जाहिरातीत फक्त कोर्सची फी असते. परीक्षेचं शुल्क, प्रवेश अर्जाचं शुल्क, उशिराचा दंड हे आतल्या पानांत असतं. बाहेरच्या राज्यातून दहावी-बारावी केलेल्यांनी आणखी एक पाहायचं, ते स्थलांतर प्रमाणपत्र लागतं का. आमच्याकडे ही अडचण फार येते. पोरगा इथे, बोर्ड प्रयागराजला, आणि शाळेत जाऊन कागद आणणारं कुणी नाही. होळीला किंवा ईदला गावी जाल तेव्हा हा कागद काढून आणा, असं मी आधीपासून सांगत राहते.

क्रेडिट हा शब्द आता सगळीकडे दिसतो. त्याला घाबरू नका. नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिकणं, वर्ग, वाचन, प्रात्यक्षिक सगळं धरून. म्हणजे चार क्रेडिटचा कोर्स १२० तासांचा. रोज एक तास दिला तर चार महिने. आपल्या पाळीत तो एक तास आहे का, हे फी भरायच्या आधी घड्याळ समोर ठेवून बघावं. हे क्रेडिट जमा ठेवायला २०२१ पासून शैक्षणिक क्रेडिट बँक आहे, तिचा बारा आकडी क्रमांक डिजिलॉकरमधून काढतात. बरेच फॉर्म आता तो मागतात. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पदवी घ्यायची असेल तर अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडीही लागतो, आणि तो या क्रेडिट बँकेच्या क्रमांकावरच बनतो.

इथे भिवंडीची खरी गोम येते. डिजिलॉकर उघडायला ओटीपी लागतो. तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. आणि तो मोबाइल कुठे असतो? गावाकडे, गोंड्यात भावाच्या खिशात. किंवा ज्याचं सिम कधीच बंद पडलं अशा नंबरवर. किंवा नवऱ्याच्या फोनमध्ये, आणि नवरा रात्रपाळी करून झोपलेला. कितीदा तरी मी गावी फोन लावून, “भाईजान, जो नंबर आया है वो पढ़िए” असं ओरडून सांगितलंय, मागांच्या आवाजावर आवाज चढवून. दहा मिनिटांत ओटीपी मरतो, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शिकायचं मनात आलं की पहिलं काम कोर्स शोधणं नव्हे. आधारला स्वतःचा, चालू, स्वतःच्या हातातला नंबर जोडून घेणं हे पहिलं काम. बायकांना मी हे दोनदा सांगते.

तसंच ईमेलचं. फॉर्म भरणारे कितीतरी जण घाईत दुकानाचाच ईमेल टाकतात. एकाच पत्त्यावर दोनशे जणांच्या नोंदण्या. मग हॉलतिकीट, वेळापत्रक, निकाल सगळं त्या दुकानात येतं, आणि ज्याचं आहे त्याला पत्ताच नसतो. दुकान बंद झालं की सगळं गेलं. मी प्रत्येकाला स्वतःचा ईमेल काढून देते, पासवर्ड त्यांना स्वतःच्या हाताने वहीत लिहायला लावते. त्याला वीस मिनिटं जातात आणि मी त्याचे पैसे घेत नाही. लोक म्हणतात, ताई, तुम्हीच ठेवा ना, आम्हाला कुठे कळतं. मी ठेवत नाही. परीक्षा तुमची, निकाल तुमचा, तर चावीही तुमच्याकडेच हवी.

वहिनींचा ईमेल त्या दिवशी बनला. पासवर्ड म्हणून त्यांनी काय ठेवलं ते मी पाहिलं नाही, तोंड फिरवून बसले. मग फोटो आणि सही. फॉर्म ठराविक आकाराचा फोटो मागतो, किती केबी ते तिथेच लिहिलेलं असतं. तो जुळवणं माझं काम. पांढऱ्या कागदावर निळ्या पेनाने सही करा म्हटलं, तर त्यांनी पेन हातात धरून विचारलं, कुठलं आडनाव लिहू? मी म्हटलं, फॉर्मवर आहे तेच. त्यांनी चार वेळा सही केली. चौथी जमली.

पैसे भरताना एकदा अडकलं. खात्यातून रक्कम गेली आणि पडद्यावर ‘व्यवहार अपूर्ण’ आलं. अशा वेळी हात थरथरतो आणि माणूस लगेच दुसऱ्यांदा भरतो. तसं करू नका. आधी फॉर्मच्या खात्यात पुन्हा शिरून पैसे भरल्याची नोंद दिसते का ते बघा, बँकेचा संदेश जपून ठेवा, एक दिवस थांबा. वहिनींचे पैसे संध्याकाळपर्यंत जमा झालेले दिसले. पावतीच्या दोन प्रती काढल्या, एक त्यांच्याकडे, एक माझ्या फाइलीत.

तीन-चार आठवड्यांनी त्यांचा नोंदणी क्रमांक आला. मी तो मोठ्या अक्षरात छापून ठेवला होता. पण वहिनी आल्या त्या खातेवही घेऊनच. टेबलावर उघडली. बेचाळीस नावांखाली त्यांनी पट्टीने एक रेघ मारली होती. रेघेखाली त्रेचाळिसावी ओळ. आधी आडनाव, माहेरचं, मग नाव, मग वडिलांचं. त्यापुढे मी सांगितलेले आकडे त्यांनी एकेक करून लिहिले आणि मला तपासायला लावले. उजवीकडे महिन्याचे रकाने आखलेले होते, इतरांसारखेच.

“हे कशाला?” मी विचारलं.

“अभ्यास केला तर मोकळं. नाही केला तर खाडा.”

परवा वही पुन्हा पाहिली. पहिल्या आठवड्यात दोन खाडे होते, दुसऱ्यात एक. डिसेंबरच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख मी माझ्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली आहे. त्यांनी ती वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लिहून घेतली, गॅस सिलिंडरच्या नंबराशेजारी.